परदेशातल्या एका सत्रासाठी सामान: काय न्यायचं, किती न्यायचं आणि काय घरी ठेवायचं

एका सत्रासाठी परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याचं सामान दोन तऱ्हांनी चुकतं. काहीजण सुट्टीला निघाल्यासारखं हलकं भरतात आणि पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या कार्यालयात एखाद्या कागदावाचून अडून बसतात. काहीजण कायमचं राहायला निघाल्यासारखं भरतात, आणि मग विमानतळावर वजनकाट्यापाशी बॅग उघडून काय काढू नि काय ठेवू असं होतं. सत्र म्हणजे साधारण चार ते पाच महिने. तेवढ्यात एक ऋतू बदलतो, पण घर काही मांडायचं नसतं. शिवाय नेलेलं बहुतेक सगळं परत आणायचं असतं.

म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेऊन तीन प्रश्न विचारा. पोहोचल्यावर पहिल्या तीन दिवसांत ही लागेल का? तिथे ही मिळायला अवघड आहे का, किंवा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अशक्य? आणि ही खास माझ्याच मापाची, माझ्याच नावाची आहे का, म्हणजे चष्मा, कागदपत्रं, पायात बसलेले बूट वगैरे? तिन्ही उत्तरं ‘नाही’ आली तर ती वस्तू घरी राहू दे. शाम्पू, वह्या, हँगर, बादली, उशी या गोष्टी विद्यार्थी राहतात तिथल्या कुठल्याही दुकानात मिळतात. त्यांनी बॅगेत अडवलेली जागा मात्र विकत मिळत नाही.

आधी तिकिटाचा नियम, मग बॅग

बॅगांची खरेदी सगळ्यात आधी करायचा मोह होतो. तो आवरा. आधी तिकिटावरचा सामानाचा नियम वाचा. काही तिकिटांवर एकूण वजन दिलेलं असतं (उदाहरणार्थ ३० किलो, बॅगा कितीही), तर काहींवर नगांची संख्या (२३ किलोची एक किंवा दोन). ४६ किलो एकूण आणि २३ किलोचे दोन नग यांत फरक आहे: दुसऱ्या प्रकारात एक बॅग २६ आणि दुसरी २० किलो भरली तर एकूण वजन बसूनही २६ च्या बॅगेचे जादा पैसे पडतात. एका नगाचं वजन ३२ किलोंच्या वर गेलं तर बहुतेक कंपन्या तो घेतच नाहीत, पैसे भरायची तयारी असली तरी. सामान उचलणाऱ्या कामगारांच्या सुरक्षेसाठी ठरवलेली ती मर्यादा आहे.

आकाराचं गणितही बघा. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत हा बहुतेक ठिकाणचा नियम, आणि त्यात चाकं नि मूठ धरतात. केबिन बॅगेला ७ ते १० किलो आणि साधारण ५५ × ४० × २० सेंटिमीटर चालतं, पण कंपनीगणिक दोन-तीन सेंटिमीटरचा फरक असतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक जोडविमानाची. लांबचा टप्पा मोठ्या कंपनीचा आणि शेवटचा तासाभराचा टप्पा वेगळ्या तिकिटावर स्वस्तातल्या कंपनीचा असेल, तर त्या छोट्या टप्प्याचा नियम वेगळा लागतो. तिथे मोठी बॅग मुळातच धरलेली नसते. दोन वेगळी तिकिटं असतील तर दोन्ही नियम बघून त्यांतल्या कडक नियमाप्रमाणे सामान भरा आणि जादा वजन लागणार असेल तर ते आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा. विमानतळावर त्याचा दर बराच चढा असतो.

बॅग घेताना रिकाम्या बॅगेचं वजन विचारा. कडक कवचाची मोठी बॅग ४ ते ५ किलोंची असते, कापडी ३ किलोंच्या आसपासही मिळते. हा एक-दोन किलोंचा फरक म्हणजे बुटांचे एक-दोन जोड. चाकं चार असली तर विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर बॅग हाताशी सरकते, पण दगडी रस्त्यांवर आणि बर्फात मोठ्या दोन चाकांची जास्त टिकते. जिन्यावरून एकट्यानं उचलता येईल तेवढीच बॅग भरा. विद्यार्थ्यांच्या जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच याचा भरवसा नसतो.

कागदपत्रं: निघायच्या दोन महिने आधी

कपडे आदल्या आठवड्यात बांधता येतात, कागद नाही. त्यामुळे सुरुवात इथून.

पासपोर्टची मुदत आधी तपासा. बरेच देश तिथे पोहोचल्यापासून किमान ६ महिन्यांची मुदत मागतात. शेंगेन देशांत (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) परतीच्या तारखेनंतर ३ महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा. कोरी पानंही मोजा.

पासपोर्ट, तिकीट, प्रवेशपत्र आणि विमा, चारही ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते शेजारी शेजारी ठेवून बघा. मधलं नाव एका कागदावर आणि दुसऱ्यावर नाही, असं असेल तर विद्यापीठाला किंवा विमान कंपनीला आत्ताच कळवा. सीमेवरच्या खिडकीत हे दुरुस्त होत नाही.

हातातल्या फोल्डरमध्ये, म्हणजे चेक-इन बॅगेत नव्हे, मूळ किंवा छापील स्वरूपात एवढं असावं: पासपोर्ट, व्हिसा किंवा त्याच्या मंजुरीची छापील प्रत, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, राहण्याच्या जागेचा पत्ता आणि करार, खर्चाची सोय दाखवणारा बँकेचा कागद, विम्याचं प्रमाणपत्र, परतीचं तिकीट, लसीकरणाची नोंद. अमेरिकेत जाणाऱ्याकडे आय-२० किंवा डीएस-२०१९ (विद्यार्थी व्हिसासाठी तिथल्या संस्थेनं दिलेला पात्रतेचा कागद) सही केलेला आणि हाताशी हवा. तो चेक-इन बॅगेत गेला तर इमिग्रेशनच्या खिडकीपाशी काढून दाखवता येत नाही, कारण बॅग त्या खिडकीच्या पलीकडे मिळते. ब्रिटनसारख्या देशांत व्हिसा आता डिजिटल झाला आहे. अशा वेळी ऑनलाइन खात्यात लॉगिन होतं का आणि त्यात सध्याच्या पासपोर्टचा नंबर जोडलेला आहे का, हे घरूनच बघून निघा.

एक कागद हमखास विसरला जातो: घरच्या विद्यापीठानं मंजूर केलेली विषयांची यादी आणि आतापर्यंत शिकलेल्या विषयांचा अभ्यासक्रम. पोहोचल्यावर एखादा वर्ग भरलेला असतो, वेळा जुळत नाहीत, विषय बदलावा लागतो. तेव्हा तिथले प्राध्यापक पूर्वतयारीचा पुरावा मागतात आणि घरचं कार्यालय नव्या विषयाचे श्रेयांक (क्रेडिट) धरायचे की नाही ते ठरवतं. दोन्हीकडे हेच कागद लागतात, आणि बदलायची मुदत बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांची असते. अभ्यासक्रमाची पीडीएफ आणि गुणपत्रिकेच्या दोन शिक्कामोर्तब प्रती सोबत असल्या तर काम दोन दिवसांत होतं.

फोटो आठ-दहा न्या, पण मापं बघून. युरोपात आणि इतर बऱ्याच ठिकाणी ३५ × ४५ मिलिमीटर चालतो, अमेरिकेत २ × २ इंच लागतो, कॅनडात ५० × ७० मिलिमीटर. निवास परवाना, बसचा पास, विद्यार्थी ओळखपत्र यांना ते लागत राहतात.

सगळ्याच्या प्रती तीन जागी ठेवा: फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडतील अशा, ऑनलाइन साठवणीत, आणि घरी एका माणसाकडे. कागदी प्रतींचा एक संच मूळ कागदांपासून वेगळ्या बॅगेत. रोख रक्कम थोडीच, पहिल्या आठवड्यापुरती. अमेरिकेत १०,००० डॉलरहून जास्त किंवा युरोपीय संघात १०,००० युरो वा त्याहून जास्त रोख नेताना ती जाहीर करावी लागते. कार्डं मात्र दोन हवीत, दोन वेगवेगळ्या खात्यांची आणि दोन वेगळ्या खिशांत. एक कार्ड यंत्रानं गिळलं किंवा बँकेनं संशयावरून बंद केलं की दुसऱ्यावर आठवडा निघतो.

औषधं: इथे घाई चालत नाही

एका देशात दुकानातून सहज मिळणारं औषध दुसऱ्या देशात बंदी असलेलं असू शकतं. सर्दीच्या गोळ्यांत सुडोएफेड्रिन असतं. ते १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. अवधान वाढवण्यासाठी दिली जाणारी अँफेटामाइनची औषधं तर तिथे डॉक्टरची चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. कोडीन किंवा ट्रमाडॉल असलेल्या वेदनाशामकांना संयुक्त अरब अमिरातीत आधी परवानगी लागते. झोपेसाठीचं मेलाटोनिन अमेरिकेत फळीवर उघड मिळतं, ब्रिटनमध्ये त्याला चिठ्ठी लागते. म्हणून दुकानातल्या नावावर जाऊ नका. पाकिटावरचा मूळ घटक वाचा आणि त्या देशाच्या औषध खात्याच्या किंवा दूतावासाच्या संकेतस्थळावर तो शोधा.

प्रमाणालाही मर्यादा असतात. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या वापराची चिठ्ठीची औषधं ३ महिन्यांपुरती नेता येतात. जपानमध्ये चिठ्ठीची औषधं १ महिन्यापुरती. त्याहून जास्त हवी असतील तर निघण्याआधी आयातीची मंजुरी काढावी लागते. सत्र पाच महिन्यांचं आणि औषध तीन महिन्यांचं, असं झालं तर उरलेल्या दोन महिन्यांची सोय आत्ताच ठरवा: तिथल्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राला ईमेल करून हे औषध तिथे मिळतं का, कुठल्या नावानं, आणि विमा त्याचा खर्च धरतो का ते विचारा. औषधं घरून टपालानं मागवणं हा उपाय धरू नका. बऱ्याच देशांत ती सीमाशुल्कात अडकतात.

औषधं अशी बांधा:

१. मूळ पाकिटातच ठेवा. गोळ्या सुट्या काढून डबीत भरल्या की त्या कशाच्या आहेत हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

२. डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेलं, सही-शिक्क्याचं पत्र घ्या. त्यात आजार, औषधाचं मूळ घटकाचं नाव, मात्रा, दिवसाला किती आणि पासपोर्टवर आहे तसंच तुमचं नाव.

३. सगळी चिठ्ठीची औषधं केबिन बॅगेत. जास्त महिन्यांची असतील तर निदान १५ दिवसांची केबिनमध्ये हवीतच. इन्सुलिन चेक-इन बॅगेत कधीच नको: तिथे ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर जसंच्या तसं दिसलं तरी वापरायचं नसतं.

४. द्रव औषध १०० मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तर सुरक्षा तपासणीत आधीच वेगळं काढून दाखवा. वैद्यकीय गरजेला त्या मर्यादेतून सूट असते, पण पत्र हाताशी हवं.

घरगुती पेटी छोटी ठेवा: तापाची नि दुखण्याची एक पट्टी, जुलाबासाठी क्षारसंजीवनीची पाच-सहा पाकिटं, ॲलर्जीची गोळी, पट्ट्या, थर्मामीटर. पहिल्या आठवड्यात पाणी, झोप आणि जेवण तिन्ही बदलतात, त्यामुळे पोट बिघडतं. तेव्हा अनोळखी गावात औषधाचं दुकान शोधत फिरायची वेळ येऊ नये. प्रतिजैविकं मात्र ‘असू देत’ म्हणून नेऊ नका.

चष्मा असेल तर दोन न्या आणि नंबरचा कागद फोनमध्ये ठेवा. अनेक देशांत डोळे तपासून चष्मा करून घ्यायला वेळ लागतो आणि विद्यार्थी विमा बहुधा त्याचा खर्च देत नाही. दातांचंही तसंच. भरायचा दात असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी भरून घ्या.

वीज, फोन, लॅपटॉप

प्रत्येक चार्जरवर बारीक अक्षरांत इनपुटचा आकडा छापलेला असतो. तिथे १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर तो जगात कुठेही चालतो. लागतो तो फक्त प्लगचा आकार बदलणारा अडॅप्टर. लॅपटॉप, फोन आणि कॅमेऱ्याचे जवळपास सगळे चार्जर असेच असतात. ज्यांवर २२०–२४० एवढंच लिहिलंय ती उपकरणं, म्हणजे हेअर ड्रायर, इस्त्री, पाणी तापवायची किटली, घरीच ठेवा. २३० व्होल्टचा ड्रायर १२० व्होल्टवर लावला तर त्याची ताकद जेमतेम पाव भागावर येते, केस वाळत नाहीत. उलट १२० व्होल्टचा २३० वर लावला तर जळतो. अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे लक्षात ठेवा.

प्लगचे आकार: उत्तर अमेरिकेत दोन चपट्या उभ्या पट्ट्या, कधी खाली गोल तिसरी, जपानमध्ये तशाच दोन, पण तिसऱ्या खुंटीला जागा बऱ्याच ठिकाणी नसते, त्यामुळे तीन खुंट्यांचा लॅपटॉप चार्जर अडतो. मुख्य युरोपात दोन गोल खुंट्या. ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग इथे तीन जाड आयताकृती. ऑस्ट्रेलिया नि न्यूझीलंडमध्ये दोन तिरप्या चपट्या. एक सर्वदेशीय अडॅप्टर प्रवासात बरा, पण तो जड असतो आणि भिंतीतून निसटतो. खोलीत रोज वापरायला त्या देशाचेच साधे दोन अडॅप्टर घ्या. लॅपटॉपच्या चार्जरची भिंतीकडची वायर बहुधा सुटी निघते. तिथल्या प्लगची तेवढी वायर घेतली की अडॅप्टरची गरजच संपते.

पॉवर बँक केबिन बॅगेतच. चेक-इनमध्ये सापडली तर बॅग उघडतात किंवा ती मागे राहते. मर्यादा १०० वॅट-तासांची. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि १६० च्या वर बंदी. हिशेब सोपा: मिलिॲम्पिअर-तास गुणिले व्होल्ट, भागिले १०००. म्हणजे २०,००० ची पॉवर बँक ३.७ व्होल्टनं ७४ वॅट-तास भरते, चालते. आकडा पुसला गेला असेल तर अधिकारी ती ठेवून घेऊ शकतात. अनेक कंपन्या उड्डाणात ती वापरूही देत नाहीत, आणि चीनमधल्या देशांतर्गत उड्डाणांवर जून २०२५ पासून थ्रीसी (3C, चीनचं सुरक्षा प्रमाणन) चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही.

फोन कुठल्याही सिमवर चालतो ना, हे दुसरं सिम घालून बघा. पण खरी अडचण सिमची नसते, ओटीपीची असते. घरच्या बँकेचा संदेश घरच्या नंबरवर येतो आणि तो नंबर परदेशात बंद पडला की फी भरता येत नाही, पैसे पाठवता येत नाहीत. निघण्यापूर्वी त्या नंबरवर रोमिंगमध्ये संदेश येतात का ते कंपनीकडून खात्री करून घ्या, सत्र संपेपर्यंत तो चालू राहील असं रिचार्ज ठेवा आणि तो सांभाळायला फोनमध्ये दोन सिमची सोय हवी. ईमेल नि विद्यापीठाच्या खात्यांसाठी लॉगिनचे कोड फोनवरच देणारं ऑथेंटिकेटर ॲप लावा आणि त्याचे राखीव कोड कागदावर छापून फोल्डरमध्ये ठेवा. फोन हरवला तर तो कागदच दार उघडतो.

लॅपटॉपचा पूर्ण बॅकअप घेऊन एक प्रत घरी ठेवा. अभ्यासाला लागणारी सॉफ्टवेअर घरच्या विद्यापीठाच्या परवान्यावर असतील तर ती परदेशातून उघडतात का ते विचारा.

कपडे: संख्या धुण्यावर ठरते

कपडे किती न्यायचे याचं उत्तर सत्र किती महिन्यांचं यावर नाही, धुणं किती दिवसांनी होणार यावर आहे. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत यंत्रं सामायिक असतात आणि आठवड्याला एकदा धुणं हीच बहुतेकांची गत. म्हणून आठ ते दहा दिवस पुरतील एवढे आतले कपडे आणि मोजे, त्याहून थोडे कमी वरचे. वाळवण्याच्या यंत्रात लोकर आणि काही सुती कपडे आटतात. यंत्रात न टिकणारा कपडा नेऊच नका, कारण हातानं धुवायला नि वाळत घालायला जागा मिळतेच असं नाही.

हवामान बघताना सत्राच्या पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं किमान तापमान बघा, सरासरी नव्हे. उत्तर गोलार्धात सप्टेंबरला गेलेला विद्यार्थी उकाड्यात पोहोचतो आणि परीक्षा गोठवणाऱ्या थंडीत देतो. जानेवारीचं सत्र याच्या उलट. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चिली इथे फेब्रुवारी–मार्चला उन्हाळा संपत असतो आणि जूनला थंडी.

थंडीसाठी एक जाडजूड कोट नेण्यापेक्षा थर बांधा. अंगाला लागून घाम ओढून घेणारं लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल; सुती नको, कारण ते घाम धरून ठेवतं आणि थांबल्यावर ओलसर गारठा अंगाला लागतो. त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस. सगळ्यात वर वारा आणि पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. वर्गात आणि ग्रंथालयात हीटर चालू असतो, त्यामुळे आत शिरलं की एकेक थर काढता यायला हवा. एकच जाड कोट असला की बाहेर ठीक आणि आत घामाघूम. कडाक्याच्या थंडीच्या गावी जात असाल आणि पोहोचताना थंडी सुरू झालेली नसेल तर मोठा कोट तिथेच घ्या. तिथे तो त्या थंडीच्या मापानं बनवलेला मिळतो, आणि जाणारे विद्यार्थी सत्राअखेर वापरलेले कोट स्वस्तात विकतात. जानेवारीत थेट बर्फात उतरणार असाल तर कोट अंगावर घालूनच विमानात बसा. टोपी, हातमोजे आणि मफलर त्याच्या खिशांत.

बूट दोन जोड पुरतात: एक रोज चालायचा, पाणी न शिरणारा आणि तळाला खाचा असलेला, दुसरा जरा नीटनेटका. जड जोड पायात घालून जा. नवे असतील तर निघण्याआधी दोन आठवडे रोज वापरा. पहिल्या आठवड्यात कार्यालयं नि दुकानं शोधत भरपूर पायपीट होते आणि न बसलेला बूट तेव्हाच टाच सोलतो. बाथरूममध्ये घालायच्या चपला विसरू नका. न्हाणीघर सामायिक असतं.

सादरीकरण, मुलाखत, समारंभ यांसाठी एकच औपचारिक जोड. समारंभात घालावा असा आपल्याकडचा एक पोशाखही जागा असेल तर न्या. विद्यार्थी मंडळांच्या कार्यक्रमांत त्याला निमित्त मिळतं.

अंथरूण, स्वयंपाक, खाणं

खोलीत गादी असते. चादर, उशी, पांघरूण असेलच असं नाही. घरमालकाला किंवा वसतिगृहाला नेमकं विचारा: पहिल्या रात्री बिछान्यावर काय काय असेल? पलंगाची मापं वेगळी असतात. अमेरिकेतल्या वसतिगृहांत बहुधा ट्विन एक्सएल, म्हणजे ९७ × २०३ सेंटिमीटर, तर युरोपात ९० × २०० सर्रास. घरची पलंगपोसाची चादर बसत नाही. एक पातळ सपाट चादर, एक उशीचा अभ्रा आणि पटकन वाळणारा टॉवेल एवढंच न्या, बाकी तिथे.

भांड्यांतलं एक चमचा-काट्याचा जोड आणि झाकणाचा डबा पुरे. सुरी न्यायची तर चेक-इनमध्येच.

खाद्यपदार्थांत देश कठोर आहेत. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये बिया, फळं, मध, सुकं खाणं, लाकडी वस्तू यांची नोंद प्रवेशपत्रकावर करावीच लागते. नोंद केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो, आणि ऑस्ट्रेलियात व्हिसावरही गदा येऊ शकते. शंका असेल तर ‘हो’ वर खूण करा. नेलंच तर कंपनीचं बंद, इंग्रजीत घटक छापलेलं पाकीट न्या. घरगुती पुडीत काय आहे हे तपासनिसाला कळत नाही.

वजनाचा हिशेब कागदावर

२३ किलोंच्या एका बॅगेत काय बसतं? रिकामी बॅग ४ किलो, काट्यांमधल्या फरकासाठी २ किलो मोकळे ठेवा. हातात उरले १७. टी-शर्ट १७० ग्रॅमचा धरला तर आठ मिळून १.४ किलो. दोन शर्ट ०.५, दोन जीन्स १.३, एक हलकी पँट ०.४, दोन स्वेटर ०.९, आतले कपडे नि मोजे १.२, थर्मलचे दोन जोड ०.७, झोपायचे कपडे ०.६, औपचारिक जोड १.२, पावसाचं जॅकेट ०.५, दुसरे बूट नि चपला १.२. हे झाले ९.९ किलो. टॉवेल, चादर, अभ्रा १.२, प्रसाधन १, राखीव औषधं ०.७, डबा-चमचे ०.५, थोडी स्टेशनरी ०.५, यजमान-शिक्षकांसाठी छोट्या भेटी १. बेरीज १४.८. उरलेले सव्वादोन किलो तुमच्या गरजेचे: वाद्य, खेळाचं सामान, प्रयोगशाळेचा कोट. पुस्तकं मात्र नकोत. एक जाड पाठ्यपुस्तक सव्वा-दीड किलो खातं आणि ग्रंथालयात मिळतं.

निघण्याच्या दोन आठवडे आधी पूर्ण बॅग एकदा भरून बघा, काट्यावर तोला आणि घराबाहेर पाच मिनिटं ओढा. जड वाटलं तर सगळ्यात आधी जीन्स, बूट आणि ‘कदाचित लागेल’ या वस्तू काढा. हातात धरायचा छोटा काटा सोबतच न्या, परतताना त्याची गरज जास्त.

भरताना बूट आणि जड वस्तू चाकांच्या बाजूला, बुटांत मोजे, मध्ये गुंडाळलेले कपडे, वर सपाट घडीचे. द्रव पदार्थांच्या झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून झाकण घट्ट करा आणि बाटली पिशवीत बांधा; दाब बदलला की अर्धी भरलेली बाटली गळते. दोन मोठ्या बॅगा असतील तर प्रत्येकीत सगळ्या प्रकारचे कपडे विभागा, म्हणजे एक हरवली तरी दुसऱ्यावर आठवडा जातो.

केबिन बॅगेत कागद, औषधं, लॅपटॉप, चष्मा, पॉवर बँक, एक दिवसाचे कपडे, अडॅप्टर, दातांचा ब्रश आणि एक पेन. द्रव १०० मिलिलिटरच्या बाटल्यांत, सगळे मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. काही विमानतळांनी हा नियम सैल केला आहे, पण वाटेतल्या विमानतळानं केलाय का हे महत्त्वाचं.

बॅग आली नाही तर

भरून झाल्यावर उघड्या बॅगेचा एक आणि बंद बॅगेचा एक असे फोटो काढा. नाव-पत्त्याची चिठ्ठी बाहेर आणि आतही ठेवा, बाहेरची तुटते. चेक-इनला मिळालेली चिकटपट्टीची पावती जपा आणि तिच्यावरचा शेवटचा विमानतळ बरोबर आहे ना, ते काउंटरसमोरच वाचा.

पट्ट्यावर बॅग आली नाही किंवा फुटलेली आली तर सामानघरातून बाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या खिडकीवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. बाहेर पडलात की पुढचं सगळं अवघड होतं. १९९९ च्या माँट्रिअल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत करावी लागते, आणि २१ दिवस बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरता येतं. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. मधल्या काळात घेतलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या ठेवा. त्यांचा खर्च मागता येतो. वसतिगृहाचा पत्ता खोलीच्या क्रमांकासह द्या, आणि तिथला फोन नंबर अजून नसेल तर वसतिगृहाच्या कार्यालयाचा.

परतीची जागा आत्ताच

जाताना बॅग काठोकाठ भरलेली असेल तर परतताना ती बंद होणार नाही. जाताना संपणाऱ्या वस्तू, म्हणजे प्रसाधन, औषधं, भेटी, यांचे अडीच-तीन किलो परतीला आपोआप मोकळे होतात. तरी घडी होणारी एक रिकामी पिशवी तळाला टाका आणि परतीच्या तिकिटावर सामानाची मर्यादा तीच आहे ना, हे वेगळं तपासा, कारण जाताना विद्यार्थी सवलतीत मिळालेली जादा बॅग परतीला बऱ्याचदा नसते. जाड कपडे, अंथरूण आणि भांडी शेवटच्या आठवड्याआधीच विकायला किंवा द्यायला काढा. शेवटच्या दोन दिवसांत सगळेच विद्यार्थी तेच करत असतात आणि घेणारा कोणी उरत नाही.